रविवारच्या रात्री किती मावश्या?

अंथरुणाला खिळलेल्या एका म्हाताऱ्या माणसामागे चोवीस तासांत दुसऱ्या माणसाचे किती तास लागतात? कूस बदलणे, डायपर बदलणे, अंग पुसणे, भरवणे, गोळ्या देणे, खुर्चीत बसवणे, पुन्हा निजवणे हे सगळे धरून. घरात हा हिशेब कोणी मांडत नाही, कारण तो बहुधा सुनेच्या नाहीतर मुलीच्या खात्यावर जातो. अमेरिकी सरकारने मात्र तो मांडला. तिथल्या आरोग्य यंत्रणेने २००१ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अभ्यासात आकडा निघाला ४.१ तास. पुढे तेवीस वर्षांनी, मे २०२४ मध्ये, बायडेन सरकारने वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रांसाठी प्रत्यक्ष नियम केला तेव्हा तो ३.४८ तासांवर उतरला होता. त्यात नोंदणीकृत परिचारिकेचा वाटा जेमतेम अर्ध्या तासाचा, बाकीचे बहुतेक काम मदतनिसांचे. एवढेही मालकांना परवडेना. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधल्या न्यायालयाने नियमाचा गाभाच काढून घेतला आणि जुलैत ट्रम्प सरकारच्या भल्यामोठ्या अर्थविषयक कायद्याने त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत लांबणीवर टाकली.

या पराभवातही आपण हेवा करावा अशी एक गोष्ट शिल्लक राहिली. नियम गेला, पण मोजणी गेली नाही. तिथल्या सुमारे पंधरा हजार नर्सिंग होमपैकी कोणत्याही एकात दर माणसामागे रोज किती तासांची शुश्रूषा होते, शनिवार-रविवारी ती किती घटते आणि वर्षभरात किती कर्मचारी सोडून गेले हे आजही कोणालाही घरबसल्या पाहता येते. (आपण नर्सिंग होम म्हणतो ते छोटे खासगी रुग्णालय, तिकडे ते परावलंबी वृद्धांचे कायमचे घर असते.) पुण्या-ठाण्या-नाशिकच्या उपनगरांत बंगल्या-बंगल्यांतून उभ्या राहिलेल्या ‘केअर सेंटर’विषयी असे काही विचारून पाहावे. माहितीपत्रक मिळेल, खोलीचे फोटो मिळतील, डिपॉझिटचा आकडा ताबडतोब मिळेल. रविवारी रात्री दोन वाजता इमारतीत किती मावश्या जाग्या असतात, या प्रश्नावर समोरचा माणूस गोंधळून पाहील.

आपल्याकडे मोजमापच होत नाही असे नाही. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना आदर्श मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. दरवाजांची रुंदी, लिफ्ट, जिने, उतार, आधाराचे दांडे, प्रकाश या सगळ्यांचा त्यात विचार आहे आणि तो स्वागतार्हच आहे. व्हीलचेअर दारातून आत जाईल की नाही, हे यापुढे कळेल. ती ढकलणारे कोणी असेल की नाही, हे सांगणे घरबांधणीच्या नियामकाचे काम नव्हे. ते कोणाचे, याचा पत्ता राज्यात अजून लागलेला नाही. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांची संख्या १ कोटी १० लाखांच्या घरात होती. त्यातली बरीच मंडळी आता पंच्याहत्तरीपुढे गेली आहेत, मुले बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला आहेत आणि ‘आई तिथे छान आहे’ या वाक्याला आधार म्हणून वाढदिवसाच्या केकचा व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ एवढाच पुरावा आहे.

अमेरिका मोजू लागली ती हौसेने नव्हे. १९६५ मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी आरोग्य योजना सुरू झाल्यावर सरकारी पैसा या व्यवसायात ओतला गेला आणि मागोमाग हेळसांडीची प्रकरणे बाहेर येत राहिली. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९८६ मध्ये कडक अहवाल दिला आणि १९८७ च्या डिसेंबरात रेगन यांनी सुधारणा कायद्यावर सही केली. म्हाताऱ्यांना खाटेला किंवा खुर्चीला बांधून ठेवण्यावर त्याने बंधन आणले. प्रत्येक रहिवाशाची ठरावीक नमुन्यात तपासणी-नोंद सक्तीची झाली आणि पूर्वसूचना न देता येणारी तपासणी पथके नेमली गेली, दोन तपासण्यांत पंधरा महिन्यांहून अधिक अंतर नको या अटीवर. परिणाम झाला. बांधून ठेवलेल्यांचे प्रमाण १९९१ मध्ये २१ टक्क्यांवर होते, ते २००७ पर्यंत पाच टक्क्यांच्या खाली आले. मोजल्याने काय होते, असे विचारणाऱ्यांना हे एक उत्तर पुरे.

गडबड पुढे झाली. १९९८ पासून ही माहिती लोकांसाठी खुली होती, पण ती सामान्य माणसाला उलगडेना. म्हणून २००८ च्या डिसेंबरात हॉटेलांसारखे तारे द्यायची पद्धत आली, एक ते पाच. तारे ठरायचे तीन गोष्टींवर: तपासणी पथकाचा शेरा, कर्मचाऱ्यांची संख्या आणि रहिवाशांच्या प्रकृतीचे निर्देशांक. यातली पहिली गोष्ट बाहेरचा माणूस लिहीत होता, उरलेल्या दोन गोष्टी संस्था स्वतःच भरत होत्या. परीक्षाही आपली, उत्तरपत्रिकाही आपणच तपासायची म्हटल्यावर निकाल सुधारणारच. तो सुधारला. न्यूयॉर्क टाइम्सने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये या ताऱ्यांमागचा अंधार तपशीलवार दाखवला. २०२० च्या फेब्रुवारीत कोविडने अमेरिकेत पहिला मोठा घाला घातला तो वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंड गावच्या एका केंद्रावर. डझनावारी माणसे दगावलेल्या त्या केंद्राच्या नावापुढे पाच तारे होते.

खोटेपणाचे प्रमाण किती, हेही मोजले गेले आहे. पडून हाड मोडलेला म्हातारा रुग्णालयात जातो तेव्हा रुग्णालय सरकारकडे बिल लावते. शिकागोच्या संशोधकांनी ती बिले घेतली आणि त्याच माणसांची नर्सिंग होमने केलेली नोंद शेजारी ठेवली. गंभीर इजा झालेल्या दीड लाख प्रसंगांपैकी नोंदवले गेले होते फक्त ५७.५ टक्के. उरलेली माणसे रुग्णालयाच्या कागदावर मांडीचे हाड मोडून शस्त्रक्रियेच्या टेबलावर होती आणि नर्सिंग होमच्या कागदावर पडलीच नव्हती.

त्याहून शिकण्यासारखी गोष्ट गोळ्यांची आहे. स्मृतिभ्रंश झालेला माणूस रात्री ओरडतो, भटकतो, मारायला येतो. त्याला समजावायला माणूस लागतो. मनोविकारावरची कडक गोळी दिली की माणूस लागत नाही. दोरी गेली आणि गोळी आली. अशा वृद्धांचा या औषधांनी मृत्यू ओढवण्याचा धोका वाढतो, म्हणून २०१२ पासून सरकारने मोहीम काढली आणि कोणत्या संस्थेत किती जणांना ही औषधे दिली जातात ते ताऱ्यांच्या हिशेबात धरले. त्यात एक रास्त सवलत ठेवली: ज्याला खरोखर स्किझोफ्रेनिया आहे त्याला मोजायचे नाही. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये स्किझोफ्रेनियाची साथच आली! न्यूयॉर्क टाइम्सच्या २०२१ च्या शोधानुसार २०१२ नंतर असे निदान ७० टक्क्यांनी वाढले होते आणि दर नऊ रहिवाशांतल्या एकाच्या केसपेपरवर ते होते. सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण दीडशेत एक असते आणि हा आजार साधारणपणे तरुणपणी सुरू होतो, ऐंशीव्या वर्षी नव्हे. सरकारी आकड्यानुसार औषधे मिळणाऱ्यांचे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आत आले होते. सवलत बाजूला ठेवून मोजले तर ते किमान २१ टक्के होते. म्हणजे औषध तेच, माणूस तोच, फक्त निदानाचा रकाना बदलला. २०२३ मध्ये सरकारला या निदानांची स्वतंत्र पडताळणी सुरू करावी लागली.

यावरून मोजणे फोल आहे असा निष्कर्ष आपल्याकडचे संस्थाचालक आनंदाने काढतील. तो चुकीचा आहे. अमेरिकेची फसगत मोजल्यामुळे झाली नाही, मोजपट्टी ज्याचे कापड त्याच्याच हाती दिल्यामुळे झाली. ती सुधारली तीही पट्टी काढून घेतल्यावर. कर्मचारी किती, हे २०१६ पासून मालकाच्या शब्दावर न घेता पगारपत्रकावरून घेतले जाऊ लागले. नोंदी आधीच्या दाव्यांशी ताडून पाहिल्या तेव्हा बहुतेक संस्थांत सांगितल्यापेक्षा कमी माणसे निघाली. शनिवार-रविवारी तर ओसाडच. २०२२ पासून सुट्टीच्या दिवसांचे मनुष्यबळ आणि नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाणही ताऱ्यांत धरले जाऊ लागले. तोवर एका अभ्यासाने शुश्रूषा कर्मचाऱ्यांच्या गळतीची सरासरी वर्षाला १२८ टक्के काढली होती. म्हणजे वर्षभरात सगळे कर्मचारी बदलून वर आणखी काही. आजीला चहात साखर किती लागते आणि कोणत्या कुशीवर दुखते, हे ज्या मावशीला कळायला महिना लागतो, ती दहाव्या महिन्यात नसते.

आपल्याकडचे एक साधे गणित करून पाहू. समजा, एका केंद्रात चोवीस रहिवासी आहेत आणि त्यातले सोळा पूर्ण अंथरुणावर. रात्री दोन मदतनीस. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, ही सगळीकडे सांगितली जाणारी शिस्त. साठ-सत्तर किलोचे जड अंग एकट्याने वळत नाही, दोघे लागतात. ओले डायपर, सरकलेली चादर, युरिन बॅग हे सगळे धरून दहा मिनिटे म्हणजे फार झाले असे कोणी म्हणणार नाही. सोळा जणांची एक फेरी एकशेसाठ मिनिटांची होते. दोन तासांत मिनिटे एकशेवीसच. म्हणजे दोघींनी क्षणभर न टेकता, बाकीच्या आठ जणांपैकी कोणाच्याही हाकेला ओ न देता, पाणीसुद्धा न पिता काम केले तरी फेरी पुरी होत नाही. आता खाटेच्या पायथ्याशी टांगलेला तक्ता पाहावा. दहा, बारा, दोन, चार, सहा. प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण. सगळ्या एकाच निळ्या पेनाने, एकाच उताराच्या, सकाळी सातला ड्युटी बदलण्याआधी घाईघाईने मारलेल्या. या खुणा करणाऱ्या मावशीला खोटारडी म्हणण्यात अर्थ नाही. तिला जे काम दिले ते घड्याळात बसतच नव्हते. तक्ता तपासून गुणवत्ता ठरवणारा निरीक्षक मात्र या केंद्राला पैकीच्या पैकी गुण देऊन जाईल.

अमेरिकेत बारगळलेला ३.४८ तासांचा आकडा याच केंद्राला लावला तर चोवीस जणांचे रोजचे ८३ तास होतात. बारा तासांच्या ड्युटीने दिवसरात्र मिळून सात माणसे. आठवड्याची सुट्टी, आजारपण, गावची जत्रा धरली तर पटावर नऊ-दहा हवीत. इथे एक पळवाट आधीच बुजवली पाहिजे. आपल्याकडे ब्युरोमार्फत येणाऱ्या अनेक बायका ‘चोवीस तास’ राहतात. तिथेच जेवतात, तिथेच दोन खाटांमध्ये चटई टाकून झोपतात. त्यांचे चोवीसच्या चोवीस तास शुश्रूषेचे म्हणून धरले तर कागदावर आपण अमेरिकेलाही मागे टाकू. झोपलेल्या बाईचे तास मोजायचे नाहीत, ही अट पहिल्या दिवसापासून हवी.

मग काय मोजायचे? तारे नकोत, निदान पहिली काही वर्षे. ज्यात लबाडी करणे कठीण आणि खर्च कमी अशा मोजक्या गोष्टींपासून सुरुवात व्हावी. दरमहा प्रत्येकाचे वजन ही त्यातली सर्वांत स्वस्त. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन घटले तर अमेरिकेत धोक्याची खूण मानतात. अठ्ठेचाळीस किलोच्या आजी पंचेचाळीसवर आल्या तर एक तर आजार आहे, नाही तर समोर बसून सावकाश भरवायला कोणी नाही. ताट खोलीत गेले आणि तासाने उचलले गेले, एवढीच नोंद स्वयंपाकघराकडे असते. ताटातले पोटात गेले का, ते वजनकाटा सांगतो. दुसरी गोष्ट पाठीच्या जखमांची. त्यात दाखल होताना असलेली जखम आणि नंतर झालेली जखम वेगळी धरलीच पाहिजे, नाहीतर रुग्णालयाच्या आयसीयूतून जखम घेऊन आलेला पेशंट कोणी घेणारच नाही. दाखल होतानाच बाहेरच्या डॉक्टरने तपासून सही केली तर हा वाद उरत नाही. हाच न्याय एकूण प्रकृतीला. जड पेशंट घेणाऱ्याचे आकडे वाईट दिसणार आणि चालते-फिरते म्हातारे निवडून घेणाऱ्याचे चांगले. ही दुरुस्ती न करता आकडे छापले तर सर्वांत गरजू माणसालाच दारातून परत पाठवण्याचे बक्षीस आपण देऊ.

आणि कर्मचारी. किती, कोणत्या पाळीला, किती दिवस टिकून. मस्टरवरून नव्हे, बँकेत जमा झालेल्या पगारावरून. रोख पगार देणाऱ्याचा माणूस हिशेबात धरायचा नाही, एवढा नियम केला तरी मावश्यांचे पगार बँकेत जाऊ लागतील, हा वरचा फायदा.

माया मोजता येत नाही, हे खरे. ती मोजायला जाऊही नये; समाधानाचे फॉर्म भरून घेण्यात तर मुळीच अर्थ नाही. ज्याच्या हातून उद्या सकाळी आंघोळ व्हायची आहे त्याच्याविषयी कोणता म्हातारा ‘असमाधानी’वर खूण करील?

कायदा नाही, ही सबब पूर्ण खरी नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा केंद्रीय कायदा प्रत्येक जिल्ह्यात निदान एका वृद्धाश्रमाची कल्पना करतो, पण खासगी केंद्रांच्या दर्जाविषयी त्यात दम नाही. ती उणीव भरून काढणारे, नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारे दुरुस्ती विधेयक २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत मांडले गेले आणि सतराव्या लोकसभेबरोबर संपले. नीती आयोगाने २०२४ च्या फेब्रुवारीत ज्येष्ठांच्या सेवेवर स्वतंत्र टिपण काढले. पण महाराष्ट्राने दिल्लीकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही. राज्याच्या हाती १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे आणि आजारी वा जखमी माणसांबरोबर दुर्बलांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा देणारी जागाही त्याच्या व्याख्येत बसते. नाकात नळी आणि लघवीची पिशवी लावलेले पेशंट ठेवणारे केंद्र या व्याख्येबाहेर कसे, हे कोणीतरी समजावून सांगावे. याच कायद्याखालचे नियम राज्याने २०२१ मध्ये बदलून रुग्णांच्या हक्कांची सनद आणली. तिथेच शुश्रूषा केंद्रांसाठी वेगळे प्रकरण घालता येते. सध्या कोणी धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंदलेला, कोणी दुकानाच्या परवान्यावर, कोणी कशावरच नाही. आरोग्य खाते सामाजिक न्यायकडे बोट दाखवते आणि सामाजिक न्याय महापालिकेकडे.

खरी भीती वेगळी आहे आणि ती रास्त आहे. इन्स्पेक्टर आला की पाकीट आले. सेवाभावाने चालवलेला चार खोल्यांचा वृद्धाश्रम कागदपत्रांच्या ओझ्याने बंद पडेल आणि संगमरवरी लॉबीवाला परवाना काढून मोकळा होईल. अमेरिकेतही तपासनिसांचे शेरे राज्याराज्यांत सारखे नसतात. ब्रिटनच्या नियामकावर तर तपासण्याच वेळेवर होत नसल्याचा ठपका २०२४ मध्ये सरकारनेच नेमलेल्या समीक्षेने ठेवला. यावर दोन उपाय. तपासणीचा अहवाल शेरा-ताऱ्यात न गुंडाळता शब्दशः लोकांपुढे ठेवावा. ‘खोली क्रमांक चारमधील रहिवासी दुपारी साडेतीनला सकाळच्याच ओल्या डायपरमध्ये आढळले’ असे वाक्य छापून आले की पाकिटाचा भाव उतरतो. आणि तपासणीला सरकारी माणसाबरोबर बिगरसरकारी माणूस असावा. अमेरिकेत सत्तरच्या दशकापासून अशा केंद्रांत लोकपाल जातात; त्यातले हजारो स्वयंसेवक असतात, बरेचसे स्वतः निवृत्त. महाराष्ट्रात तर गावोगाव ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांचा ‘फेस्कॉम’ हा महासंघ आहे. निवृत्त परिचारिका, मुख्याध्यापिका, बँक अधिकारी अशी हिशेब आणि माणूस दोन्ही कळणारी मंडळी त्यांत आहेत. त्यांना ओळखपत्र आणि कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी आत जाण्याचा हक्क द्यावा. त्यांनी काही मोजलेही नाही तरी रविवारी रात्री दार कोण उघडते एवढे पाहून यावे.

खर्च वाढेल, हे केंद्रचालकांचे म्हणणे आहे आणि त्यात खोटे काही नाही. सातऐवजी चार माणसांत भागवले म्हणूनच आजचे दर आजच्या पातळीवर आहेत. वाढीव माणसांचे पैसे कोणीतरी द्यावे लागतील: ज्यांना परवडते त्या मुलांनी, आणि ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी सरकारने. म्हणूनच मोजणीची सुरुवात खासगी केंद्रांपासून करू नये. १९९५ मध्ये युती सरकारने मोठ्या गाजावाजाने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आणली. ते आणि अनुदानित वृद्धाश्रम आजही राज्याच्या यादीवर आहेत. सामाजिक न्याय खात्याने आधी त्यांचे आकडे येत्या हिवाळी अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावेत: रहिवासी किती, अंथरुणावर किती, रात्रपाळीला किती, गेल्या सहा महिन्यांत वजन किती जणांचे घटले. त्यानंतरच केंद्रचालकांना नोटीस काढावी.